दंडावरची पट्टी

नाही बाबा, तेवढंच नव्हते म्हणाले ते. बसा आधी, बस यायला वेळ आहे. वेद राहू दे तुमच्या मांडीवर, झोपलाय. तुमचं बरोबर आहे — क्रेमर एवढं लांबलचक बोलले आणि मराठीत ‘मुलं किती तुम्हाला?’ एवढंच कसं उरलं? सुभेदारांच्या कानातून सुटेल कसं! पण तुम्हीच सांगा, घरमालकाच्या बागेत बसून, त्यांच्याच हातचा केक खात, सासऱ्यांचं जर्मन आणि घरमालकाचं मराठी करायचं, वर कडेवर दात येणारं मूल — मी काय दुभाषी आहे? चुकते. आज मात्र चुकले नाही, गाळलं. आल्झो — म्हणजे, तर — सांगते आता.

तुम्ही म्हणालात ना, इथल्या नऊ महिन्यांच्या सक्तीच्या भरतीत कसला सैनिक तयार होतो, त्यापेक्षा गावोगाव नागरिकांची दलं करा, हातात बंदुका द्या, ज्याचं घर तो राखेल — त्यावर मी सांगितलं, ‘त्यांना वेगळं वाटतं.’ वेगळं! ते म्हणाले, तसलं दल मी पाहिलंय, मी होतो त्यात. सोळा वर्षांचे होते हो. दुसरं महायुद्ध हरल्यातच जमा होतं, फौज संपत आली होती, तेव्हा गल्लीतले म्हातारे आणि शाळकरी पोरं गोळा केली — गणवेश नाही, दंडावर नुसती पट्टी. खालचा तो द्राक्षमळा दाखवत होते ना, त्याच्याच भिंतीआड. म्होरक्या कोण, तर त्यांचे भूगोलाचे मास्तर. एक मुलगा घाबरून घरी पळाला, तर त्याला ओढून आणायला शेजारीच पाठवले. म्हणून पुढे, इथे पुन्हा फौज उभारायची की नाही यावरून घराघरांत भांडणं लागली तेव्हा हे सक्तीच्या बाजूने बोलले. का? तर सक्तीला निदान कायदा असतो, ‘मी बंदूक धरणार नाही’ म्हणायची सोय असते — त्यांच्या नातवाने म्हटलंच तसं, आता त्याबदल्यात वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवतो — आणि मंत्र्याचा मुलगाही त्याच रांगेत उभा राहतो, म्हणून मंत्री दहादा विचार करतो. म्हणे. मला नाही पटलं पुरतं. तुमचंही नाही पटलं. पण मला कोण विचारतंय, माझं काम इकडचं तिकडे करायचं.

ती पट्टी त्यांना मोठी व्हायची, घसरायची. तर त्यांच्या आईने दंडाचं माप घेतलं आणि शिलाई मशीनवर बसून ती लहान करून दिली. अडवलं नाही, ओरडली नाही — टीप सरळ आली का तेवढं पाहिलं. हे ऐकताना मी वेदचं तोंड पुसत बसले, आठवतं? पुसण्यासारखं काही नव्हतं. बाबा, मला त्या बाईची भीती वाटते. कारण मीही तेच करीन. वेद इथे जन्मला म्हणून जर्मन, अठराव्या वर्षी त्यालाही बोलावणं येणार, आणि मी — पाळणाघरातल्या बाई रागावतील म्हणून त्याच्या मोज्यांवर नाव शिवते मी — मी काय दार अडवून उभी राहणार? दोरा तेवढा जुळता घेईन.

तुमचा रुपेश म्हणतो, तेव्हाचं तेव्हा बघू. तो तसाच, लांबचं लांब ठेवणारा. इथे तरी का आला तो? मोटारींचं शिकायला? — हो, त्यासाठीही. पण तुम्ही प्रतापदादांना भरतीच्या रांगेत उभं केलंत ना, तेव्हा हा मागे सायकल धरून उभा होता. दादा भिंतीला धरून ओकत होते म्हणे, आणि तुम्ही ओळखीच्या हवालदाराशी हसत बोलत होतात. पुढची रांग आपली, एवढं त्याला कळलं. मग दिसेल त्या परदेशी कॉलेजात अर्ज. आणि येऊन पोचला कुठे? जिथे पोराच्या नशिबी कायद्यानेच रांग. कधी कधी हसू येतं मला, एकटीलाच. दादाही सुट्टीत थेट सासरी उतरतात, आई म्हणतात गाडीची वेळ सोयीची पडते — हे बोलायचं नव्हतं मला. झोप नाही हो रात्रीची, काय बोलते कळत नाही.

हं, प्रश्न. तुम्ही वेदला उंच धरून म्हणालात, ‘हा आमच्या घरातला तिसरा सैनिक.’ ते मी सांगितलंच नाही, पण तुम्ही सलाम ठोकून दाखवलात, कळलं त्यांना. तेव्हा त्यांनी विचारलं, ‘पाठवण्याआधी मुलांना विचारलं होतं का तुम्ही? मला माझ्या बापाने विचारलं नव्हतं.’ मी तुम्हाला म्हटलं, मुलं किती विचारतायत. तुम्ही दोन बोटं वर केलीत. आणि मी त्यांना सांगितलं — दोघांनाही विचारलं होतं, म्हणतात.

म्हणून त्यांनी उठून तुमचा हात दोन्ही हातांत घेतला, बाबा. तुम्ही म्हणालात, सैनिक सैनिकाला ओळखतो.

विचारलं होतंत ना?

राहू द्या. त्याचा दंड सोडा बाबा, घट्ट धरलाय तुम्ही, जागा होईल तो. चला, बस आली.