कपाची कड

एक्स-रेच्या रांगेतल्या शिंपीणबाई ऐकू नये असं वाटूनही पुढच्या बाकावरचं बोलणं ऐकत होत्या.

"सर, ओळखलंत? तुमची विद्यार्थिनी. चिनीमातीच्या कारखान्यात तुमच्याच डिझाइनच्या कपांच्या कडा घासते."

"अगं, किती खंगलीस!"

"छातीत धूळ साचलीय म्हणे."

"मास्क लावत नव्हतीस?"

"मास्क लावून फुंकर कशी मारणार? तुम्हीच शिकवलंत ना, भट्टीत घालण्याआधी कच्च्या कपाची कड घासायची, धूळ फुंकरीने उडवायची, तरच कड कागदासारखी पातळ उतरते."

"अगं, पण..."

"दिवसाला चारशे कप, अकरा वर्षं. तुमचा छातीचा फोटो कसा आला?"

"कॉलेजची दरवर्षीची तपासणी असते. स्वच्छ आला."

"बरं झालं सर! पण फुंकर तर तुम्हीही मारायचात."

"वर्षातून एकदा गं. तुम्हाला दाखवण्यापुरती."