रविवारचं रीडिंग

— नाही गं, मायक्रोस्कोपखाली चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. आणि रंग टाकल्यावर निळी झाली ती मेलेली, ती वेगळी. मॅडम नको म्हणूस, साधनाताई म्हण — या फरीदाबादच्या लॅबमध्ये मराठी बोलायला इतके दिवस एक रेवतीच होती, आता तू आलीस. तर मयुरा, ऐक — रोज एकाच वेळी फ्लास्क काढायचा, मोजायचं, तिथल्या तिथे वहीत लिहायचं. पेशींना सुट्टी नसते, त्या वाढतच राहतात. अकरा वर्षं हेच करतेय — मान कामातून गेली, डोळे मिटले तरी ठिपके दिसतात. ही बघ जुनी वही — रेवतीच्या पेशी. गुरुवारी एक लाख, शुक्रवारी दोन, शनिवारी चार, रविवारी दहा, सोमवारी सोळा.

काय? दहा कसे? आले तसे आले. चौथ्या दिवशी उसळी मारतात आणि मग मंदावतात — हाच तर रेवतीचा शोध, त्याच्यावरच तिचा अख्खा थिसिस उभा आहे. पेढे वाटले होते पोरीने... हो, तुझं गणित बरोबर आहे. रोज दुप्पट. चाराचे आठ, आठाचे सोळा. मध्ये दहा येत नाहीत.

अशी बघू नकोस यार. चार आणि सोळा वीस, निम्मे दहा — शाळेतली सरासरी. दुपटीने वाढणाऱ्याची सरासरी अशी काढत नाहीत, हे मला काय कळत नाही? पण सोमवारी सकाळी मोजून सोळा लिहिले, वर रविवारची रिकामी जागा दिसली आणि हात चालला. घरी कुणी आजारी होतं, मेट्रो बंद होती — असलं काही असतं तर बरं झालं असतं. काही नव्हतं गं. झोपले होते. दुपारी उठले, चहा घेतला, परत झोपले. इतका कंटाळा आला होता सगळ्याचा.

सांगणार होते, खरंच. पण रेवतीने तेच पुन्हा लावून बघितलं — कुठली उसळी न् कुठलं काय. तर मला म्हणते, "ताई, माझाच हात चुकला असणार. तुमचं काउंटिंग कधी चुकत नाही." आता तिसऱ्यांदा लावलंय. आठ महिने गेले तिचे. काल त्या स्टुलावर बसून रडली, आणि मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, होतं असं, पुन्हा कर. याच तोंडाने म्हटलं. लाज वाटते गं, पण म्हटलं.

नाही, तू कशाला सांगशील. तू काल आलेली मुलगी, तू यात पडू नकोस. चल, ऊठ, कॅन्टीन बंद होईल, जेवून घे. आणि जाताना रेवतीला म्हणावं, ताईंनी बोलावलंय. आत्ता. वही राहू दे इथे — उघडीच राहू दे.