भाकरी थापल्याच्या आवाजाबाबत

दि. २१ मार्च १९७४, सकाळी ११ वाजता.

मी दगडाबाई कुंडलिक शेंडगे, वय ४७ वर्षे, धंदा कडक भाकऱ्या करून विकणे, राहणार सात रस्त्याजवळ, सोलापूर. स्वतः चौकीत येऊन सांगते की,

मी एकटी राहते. भिंतीपलीकडची खोली माझीच. तिथं दोन वर्षांपासून शिवपुत्र व त्याची बायको पार्वतम्मा भाड्यानं राहतात. शिवपुत्र लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन नावाचा वाकडा पितळी बाजा वाजवतो. पार्वतम्मा पेटी वाजवते व गाते. दुपारी जवळचे कापडाचे माग जेवणासाठी बंद झाले की दोघं दाराखिडक्यांना वाकळा लावतात आणि आपलं वाजवणं टेपमशीनवर भरतात. त्या खोलीला ते स्टुडिओ म्हणतात. वाजवणं लग्नाचं नाही, देवाचंही नाही. संथ असतं. रेल्वेच्या क्लबातल्या साहेबाकडून शिकलेलं जॅझ हाय, असं शिवपुत्र सांगतो. मला त्यातलं कळत नाही. त्रास कधी झाला नाही.

आठ दिवसांपूर्वी माझ्याकडून रोज भाकऱ्या घेणाऱ्या खानावळवाल्यानं मागणी निम्मी केली. कारण सांगितलं नाही. मंगळवारी दुपारी माझी चूल थंड होती, मी रिकामी बसले होते. तेव्हा शिवपुत्रच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज आला. एक झाली की दुसरी. पार्वतम्माला भाकरी येत नाही, ती माझ्याकडूनच घेते. मला वाटलं, ही माझं बघून शिकली आणि वाकळांच्या आड चूल मांडून माझं गिऱ्हाईक तोडते.

मी दार ढकललं आणि चूल विझवायला बादलीभर पाणी आत फेकलं. आत चूल नव्हती. पीठ नव्हतं. पाणी मशीनवर पडलं व आवाज बंद झाला. दोघं भिजून उभी होती. पार्वतम्मा म्हणाली, "मावशी, त्या तुमच्याच भाकऱ्या की. मशीन तुमच्या खिडकीत ठिवू का, म्हणून इचारलं हुतं न्हवं?"

विचारलं होतं. मी तव्यावरून मान वर न करता म्हटलं होतं, "ठिव कुटंबी, माझं डोकं खाऊ नको."

तरी मी मागं सरले नाही. "खोली खाली करा" म्हणून ओरडले. ही दोघं आधी चौकीत जातील या भीतीनं मीच आधी आले. खोलीत दारू पितात, परक्या बायका आणून नाचवतात, असं लिहून दिलं. ते सगळं खोटं आहे. तिथं दारू मी पाहिली नाही. बाई म्हणून पार्वतम्माच असते. शिवपुत्रला व मशीनला त्याच दिवशी चौकीत आणलं.

काल सकाळी पार्वतम्मा माझ्या दारात आली. मला वाटलं, भांडायला आली. ती म्हणाली, "मावशी, दोन भाकऱ्या द्या. त्यांना चौकीत न्यायच्यात. दुसरं खात न्हाईत ते." मी दिल्या.

आज फौजदारसाहेबांनी माझ्यासमोर मशीन लावून पाहिलं. आधी दोन भाकऱ्या नुसतं माझं थापणं आलं. मग त्यावर बाजा. मी भाकरी तव्यात टाकायला थांबले की बाजा थांबतो. मी दुसरी घेतली की तोही निघतो. पाचव्या भाकरीला मशीनमधून धूर आला व ते बंद पडलं. जबाब लिहिणारे हवालदार म्हणाले, "बाई, भाकरीचं लिहायची काय गरज हाय?" मी म्हटलं, "लिवा."

शिवपुत्रला सोडावं. खोली खाली करा म्हटलं होतं, ते मी मागं घेते. मंगळवारचं खोटं लिहून दिल्याबद्दल जे होईल ते मला मान्य आहे.

जबाब मला वाचून दाखवला. दारूचं व बायकांचं खोटं म्हटलं आहे तेवढा भाग मी पुन्हा मोठ्यानं वाचायला लावला. शिवपुत्र समोरच्या बाकावर बसून ऐकत होता. लिहिलं आहे ते मी सांगितल्याप्रमाणे खरं आहे.

दगडाबाई कुंडलिक शेंडगे, डाव्या हाताचा अंगठा