शेपटीची खाच

—नाही, शिडी इथे लावायचीच नाही, दादा! कुणी बोलावलं तुम्हाला ते ठाऊक आहे मला — सोसायटीच्या अध्यक्षकाकांनी. निलगिरीवरचं घरटं काढून टाका म्हणाले ना? गिधाडाचं आहे म्हणाले? गिधाड! जन्मात कधी मान वर करून आभाळ बघितलं नाही, आणि निघाले पक्षी ओळखायला! घार आहे ती. साधी घार. गिधाडाची मान बोडकी, शेपूट आखूड — हिची लांब, नि टोकाला खाच, माशाच्या शेपटीसारखी. मी कॉलेजात शिकलेय हो हेच, पण ऐकतंय कोण! ‘तू गप गं, लहान आहेस.’ एवढी मोठी कशी, म्हणे. अहो, पंख पसरून डोक्यावरून गेली की मोठीच दिसणार! — आणि आत पिल्लं आहेत, त्यांचं काय करणार होतात? पोत्यात भरणार?

काकांचं काय चाललंय सांगू? आमच्या जिन्यात उभे, आमचं दार सताड उघडं, आणि हे समोरच्या काकूंना सांगतायत — ‘गिधाडाला आधीच कळतं हो, कुणाच्या घरात काय होणारंय ते.’ ती पहिल्या मजल्यावरची खिडकी दिसते? बाबा आहेत तिथे. आजारी. कान तेवढे शाबूत राहिलेत त्यांचे, नेमके कान! रोज सकाळी विचारायचे, ‘आली का गं तुझी घार?’ आता विचारत नाहीत. पडदा ओढ म्हणतात. मी सांगितलं, बाबा, घारच आहे — तर हसले. ‘तू असंच सांगणार.’ मुलगी ना मी! मन राखायला बोलणारच! — आणि खरं सांगू? काल दुर्बीण घेऊन मीसुद्धा गच्चीवर... कशाला गेले होते? मला ठाऊक होतं ना! तरी ती शेपूट मिटेपर्यंत श्वास रोखून उभी. मूर्खासारखी.

—आली! बघा वर. आत्ता नाही कळायचं, पसरलीय, पसरली की खाच दिसत नाही. थांबा... मिटू दे... आता! दिसली? नुसती मान काय हलवताय, तोंडाने सांगा. तुम्ही आमचे कुणी लागत नाही, तुमचं पटेल बाबांना. मोठ्याने, दादा — पडद्यामागे खिडकी उघडीच आहे... हां. घार. अजून एकदा.

—झालं. उचला ती शिडी.