घुंगरांचा अँटेना

सासरा हुपरीचा असंल तर त्याला अँटेना करायला देऊ नगासा. मला विमानांचे मेसेज लॅपटॉपवर पकडायचा नाद हाय. गच्चीवरला घरीच केलेला अँटेना मोडला. सासरे चांदीचे पैंजण करत्यात, म्हणून त्यांनाच म्हटलं, "मामा, या मापाच्या दोन तारा तेवढ्या जोडून द्या."

मामा रविवारी विमानतळाजवळच्या आमच्या उचगावला घेऊनच आले. तारा चांदीच्या, खाली घुंगरं!

"घुंगरं कशाला, मामा?"

"पावणं, आमच्या हातनं मोकळी तार भाईर पडत न्हाय."

लावला गच्चीवर. तेवढ्यात एक विमान डोक्यावरनं इतकं खालनं गेलं की गच्ची हादरली. घुंगरं छुमछुम वाजली. लॅपटॉपवर मात्र एक अक्षर उमटलं न्हाय.

मामा खूश. "आला की मेसेज! आता त्यो लॅपटॉप इकून टाका."