डोयाचा फोटू अन् मंगयवारची जिलबी

...आता रक्ताच्या तपासनीले उपास चालते, हे समजलं! पन डोयाच्या फोटूले मानसानं काय करावं, सांगा ना?

तुमाले सांगतो, मी शेषराव, मूर्तिजापुरात संत्र्याचा ठेला लावतो. मले शुगर हाय, पन रिपोर्ट? एकदम नॉर्मल! काहून? तपासनीच्या आंधी चार दिवस कारल्याचा रस अन् कोरडी भाकर... अन् तपासनी झाली का थेट जिलबी, चोरून! अर्धं गाव असंच करते, मी काय एकलाच हाय? मंग अकोल्याच्या डॉक्टरनं डोये तपासाले बोलावलं, तं त्यासाठीबी म्या कारल्याचा रस पेला, वरून डोयात गुलाबपानी टाकलं... पन डोयाले काय उपास घडते, राजेहो?

तिथं डोयाचा फोटू काढाले नीलम नावाची पोरगी. "काका, हनुवटी टेकवा, पापणी हलवू नका..." लखकन उजेड! अन् कॉम्प्युटरवर लाल पट्टी! "काका, हे एआय डोळ्याच्या आतल्या शिरा पाहून पुढचं सांगतं. साखर बऱ्याच दिवसांपासून वाढलेली दिसते. अशीच राहिली तर नजर जायची भीती आहे."

झालं! संगं आलेली आमची जयवंता, माही बायको, पदर खोचून उठली ना! "ओ बाई, तुमचं यंत्र बिघडलं! हा मानूस बिनसाखरेचा चहा पेते! याच्यासाठी म्या पुरनपोई सोडली, पुतन्याच्या लग्नात बुंदीले हात नाही लावला! आमच्या मानसाले खोटं पाडता?" सारी रांग पाहून राहिली, ते माह्यासाठी भांडून राहिली, अन् मी...? जमीन फाटावी अन् ठेल्यासकट आत जावं असं वाटलं! लय लाज वाटली. डॉक्टरची नाही हो... तिची. तिनं खरंच सोडलं होतं न्!

"मशीनले काही म्हनू नोको," म्या म्हनलं. "जिलबी खातो मी."

"कवा?"

"...मंगयवारी. इथं माल घ्याले येतो तवा."

तिनं खोचलेला पदर सोडला अन् माह्याकडं पाहिलं. बायको भांडली तं मानूस वाचते, पन असं पाहिलं तं...? डोयाले काय उपास घडते, राजेहो, तिनं तं माह्या डोयातच पाहिलं सारं!

बाहेर आलो तं ते सीधी हॉटेलात शिरली, अर्धा किलो जिलबी घेतली, बाकावर बसली अन् लागली खाले... पाक गयून राहिला बोटांवरून! म्या हयूच हात पुढं केला.

"हात मांगं! तुमी नुसतं पाहा. डोये हायेत तवर पाहून घ्या!"

काय करता... बसलो पाहत. पोटाले उपास, डोयाले जिलबी!