लहानीच्या नावावर गेलेलं गाणं

कोणी नाय ठेवला विश्वास गो माझ्यावर, एकानं नाय — सरपंच हसला, शाळेतल्या बाई बोलल्या असू दे बाईजाताई, गाणं काय कोणा एकट्याचं असतं का, आणि माझा नवरा, तो तर बोलला तुला वडे तळता येतात ते बस हाय. बस तू, बस त्या बाकड्यावर. लहानीच्या पाड्यावर जायचं ना, सांगते वाट, पण जीपवाला गाडी भरल्याबिगर हलत नाय, तवर माझं ऐक. 'खरखर'वाली नम्रता तूच ना? तूच बोललीस मघाशी उतरल्या उतरल्या — लहानीताईंचं घर कुठं, त्यांची मुलाखत घ्यायची हाय, अजून गाणी भरून घ्यायची हायत. लहानीताई! अगो, ते गाणं माझं हाय. माझं. ह्या तोंडातलं. अशी बघू नको, वेडी नाय मी. अख्ख्या किन्हवलीला विचार — नाय, नको विचारू, ते हसतील.

तुमचं ते 'खरखर' पुस्तक वाचलंय मी. चौथी झालेय, बोट ठेवून वाचते, पण वाचते. झेरॉक्सचं पुस्तक, मधी स्टेपलच्या पिना, निम्मी अक्षरं काळी निम्मी उडालेली — मी अक्षयला बोलले, अरे हे छापलंय का भाजलंय? तर बोलतो, आये, हेच तर खरं, ह्यांना कंपनीची गाणी चालत नाय, घरात बसून केलेली, कोणी न विचारलेली, तीच घेतात, आणि ह्यांनी चांगलं लिवलं की कल्याण-मुंबईची पोरं शोधून ऐकतात. अक्षय, माझा पोरगा. दिवसा गोडाऊनला कामाला, घरी आला की कानात बोंडं घालून मोबाइलवर गाणी जुळवत बसतो. जुळवायचं, तुमाला पाठवायचं, आणि मग वाट बघायची — वाट बघणं कसलं, पोरगी बघायला येणार असल्यासारखा नुसता आत-बाहेर! एक गाणं तुमी छापलंच नाय. दुसऱ्यावर एक ओळ टाकलीत — 'असं शंभर ठिकाणी ऐकलंय.' एक ओळ गो. पोरगं ताटावरनं उठलं. मी बोलले, अरे शंभर ठिकाणी ऐकलेलं कशाला करतोस, जे कोणी ऐकलं नाय ते पाठव. मीच बोलले. मंग तो गेल्या आवणीला शेतात आला मोबाइल घेऊन, आमचं गाणं भरून घ्यायला.

आवणी म्हणजे भाताची लावणी, तुमच्याकडं काय बोलत असतील ते. आमी बायका ओळीनं वाकतो, हातात रोपांची मूठ, लावत लावत मागं सरायचं. आता जिचा हात हळू चालतो ती काय होते? — बाकीच्या मागं सरून बांधाला लागतात आणि ती रोपांच्या मधोमध कोंडते. पुढं रोपं, बाजूला रोपं, पाय कुठं टाकणार? मंग तिचं नाव गाण्यात घालायचं. जी कोंडली तिचं नाव. रीतच हाय आमची, माझी सासू पण घालायची, माझं नाव घालून घालून मला रडवलीय तिनं. आणि लहानी म्हणजे काय सांगू — पाड्यावरून येते माझ्या शेतावर, डोंगर चढंल दुडूदुडू, करवंदं काढंल, मोळी आणंल, पण भात लावायला उभी केली की कोंडलीच! म्हणून मी गाणं केलं. तिथंच, वाकल्या वाकल्या:

बगळा बसला शेजारी, तिला वाटला दीर गो,
पदर घेऊन उभी ऱ्हायली, धरवंना तिला धीर गो!
सगळ्या टेकल्या बांधाला, लहानी अजून मधी गो,
पाय रुतला चिखलात, निघंल बाई कधी गो!

हसलीस! बघ, हसलीस ना? हसायचंच गाणं हाय ते, लहानी स्वतः हसून हसून चिखलात बसली होती, तिच्या हसण्याचा आवाज पण हाय त्यात, नीट ऐक. आणि तुमी काय लिवलंत? पाठ झालंय मला — 'लहानीबाईंच्या आवाजात जंगल बोलतं.' कुठलं जंगल? पलीकडं मोबाइलचा टॉवर हाय, त्याच्या खाली आमचं शेत! 'बगळा म्हणजे मरण. मरणासमोर पदर घेऊन उभी असलेली एकटी स्त्री.' मरण! अगो, बगळा म्हणजे बगळा! आणि दीर म्हणजे दीर! शेवटाला लहानीचं नाव आलं की झाली ती गाणं करणारी? संतांच्या अभंगात येतं तसं वाटलं तुमाला, मला कळतंय ते, पण म्हणून कोणाला विचारायचं नाय? एक फोन करायचा नाय?

थांब, माझं संपू दे. लहानीला दोष नाय देत मी. म्हणजे — दिला. तुमचं वाचून लोकांनी तिला मुरबाडला बोलावलं, स्टेजवर बसवली, शाल घातली, नारळ दिला. ती बिचारी माइकवर बोलली, गाणं बाईजाचं हाय, मी नुसती झील धरते, मागनं ओढते. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या — बघा किती साधी बाई! किती मोठं मन! आता बोल, काय करायचं तिनं? पण मला राग आला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती शाल घेऊन इथं आली होती टपरीवर, बोलली ही तुझी, घे, आणि मी — कढईवरनं डोकं वर केलं नाय. गिऱ्हाइकासारखी उभी ऱ्हायली आणि गेली. तवापासून गाणं सुचत नाय मला. कोणावर करू? ज्याच्यावर हसायचं ते माणूसच बाजूला नाय. जाऊ दे.

माझ्या अक्षयनं तर सगळं नीट पाठवलं होतं गो. खाली ते धाड धाड टाकलंन, ते मला नाय आवडत, पण आवाज स्वच्छ ठेवलान माझा. सारखा बोलायचा, आये, ह्या खेपेला छापतील बघ. म्हणून तुला सांगते, चूक तुमची, विचारलं असतं तर —

काय? विचारलं होतं?

कोणाला?

नाय, परत बोल. फोन केलास तू त्याला, गाणं कोणी केलं म्हणून विचारलंस, आणि तो बोलला लहानीनं. तो बोलला? बरं, बरोबर ऐकू आलं नसंल तुला, रेंज नसते हितं — दोनदा विचारलंस. आणि आवाज? आवाज पण तिचाच बोलला. पाड्यावरची बाई हाय, डोंगरातली, बाहेरचं वारं नाय लागलेलं, असं बोलला. आणि मी कोण हे विचारलं नसंल तू, तुला काय ठाऊक मी हाय का नाय ते.

विचारलंस? घरात कोणी गातं का म्हणून?

काय बोलला?

बोल गो, मला काय होत नाय. — आय स्टँडवर वडे विकते, तिला गाण्यातलं काय कळत नाय. असं. हं.

त्याला वाटलं असंल, वडेवाल्या आयचं गाणं कोण छापणार. डोंगरातली बाई बोललं की तुमी धावत येता. आलीसच ना तू? कल्याणहून आलीस. माझ्यासाठी आली असतीस? खरं सांग. नको, नको सांगू.

आणि घरात बसून माझ्यासमोर काय बोलायचा — आये, चुकून झालं, पुढच्या अंकात दुरुस्त करतील. मी त्याला भाकरी वाढायची आणि लहानीला शिव्या घालायची, आणि तो खाली मान घालून जेवायचा.

आता तू बोलतेस माझं नाव छापते. नको छापू. छापलंस तर कळंल ना सगळ्यांना, पोरगं खोटं बोललं, मंग त्याचं गाणं परत कोण हातात घेईल? आत-बाहेर करत बसंल. राहू दे. जंगल तर जंगल.

…नाय. थांब. लहानी खरं बोलली आणि तिचं कोणी ऐकलं नाय, मी खरं बोलले आणि मला येडी ठरवली. छाप. गाणं बाईजाचं, झील लहानीची, बगळा म्हणजे बगळा. आणि खोटं कोण बोललं ते पण छाप, माझा पोरगा हाय म्हणून गाळू नको. ऊठ, जीप भरली तुझी, माझी पण गिऱ्हाइकं उभी हायत. लहानीला सांग बाईजानं बोलावलंय. आणि पेन काढलंस ना, मंग लिव नाव, मी सांगतेय, त्याची आय सांगतेय — अक्षय.